पडद्यामागचा ढीग

कुकरची शिट्टी झाली की जयराज साळुंखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. दुसरी झाली की पुन्हा बघतो.

पोरांच्या चपला दाराशी एका रेषेत लावतो. टाचा भिंतीकडे, नाकं बाहेर. पाय घातला की निघायचं.

भेंडी घेताना टोक मोडून बघतो. ही सवय बायकोनं लावली. बटाटा मात्र अजून पोत्यानंच आणावासा वाटतो.

मुलीच्या वेण्या घालताना श्वास रोखून धरतो. रिबिनीची गाठ बसली की सोडतो.

चहा उभ्यानं पितो.

टॉवेलची घडी घातली की तिच्यावरून तळहात फिरवतो, मग मान तिरकी करून कडा जुळल्या का ते बघतो. नाही जुळल्या तर घडी मोडून पुन्हा घालतो.

आणि हातातलं काम अर्ध्यावर सोडत नाही. दारात माणूस उभा असला तरी भांडं घासून, विसळून, पालथं घालूनच वळतो. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. तिथं अर्धं काम म्हणजे न केलेलं काम.

तो हवालदार होऊन घरी परतला आणि त्याच उन्हाळ्यात अंकिताला, त्याच्या बायकोला, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. तिनं त्यासाठी बरीच वर्षं घालवली होती. परीक्षा दिल्या, मधे दोन बाळंतपणं झाली, भरती रखडली, वयाची अट जवळ येत गेली. शेवटी ऑर्डर आली ती जत तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या गावाची. माधवनगरहून रोज जाऊन-येऊन करणं अशक्य होतं. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचं, शनिवारी दुपारी यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचं.

शिवतेज तिसरीत होता. साक्षी छोट्या गटात.

जयराजची आई चंद्राबाई कराडजवळच्या गावी असते. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बाई नोकरीला आन फौजी धुणं धुतोय. गावात काय सांगू मी?"

"सांग, पेन्शन खातोय."

"पोरांचं हाल हुत्याल रं."

तीच भीती अंकितालाही होती. निघायच्या आदल्या दिवशी एसटी सुटत असल्यासारख्या घाईनं तिनं बॅग भरली आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. पोरांना त्रास होतोय असं दिसलं तर मी राजीनामा देणार. मग वाद घालायचा नाही."

"न्हाई घालणार."

जयराजनं त्या क्षणी मनात ठरवलं. हिला काही दिसूच द्यायचं नाही.

फौजेत मोठे साहेब येणार असले की आधी दोन दिवस धावपळ असते. रस्त्याकडेच्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू. साहेब ज्या वाटेनं जाणार ती वाट लखलखीत. बाकीचं सगळं ताडपत्रीखाली. साहेबांनाही ठाऊक असतं, जवानांनाही. तरी साहेब खूश होतात आणि सगळ्यांना चहा मिळतो.

जयराजनं घरात तेच सुरू केलं. अंकिताचा व्हिडिओ कॉल रोज आठ वाजता येई. साडेसातला तो म्हणे, "चला, व्हिजिटची तयारी." शिवतेज वह्या रचायचा. साक्षी तोंड धुऊन यायची. फोन ट्रंकेवर उभा केला की त्यात जेवढी भिंत आणि जेवढी कॉट दिसे, तेवढं आरशासारखं होई. उरलेलं सगळं, म्हणजे धुतलेले कपडे, न धुतलेले कपडे, दप्तरं, ओले टॉवेल, मोडकी खेळणी, स्वयंपाकघराच्या पडद्यामागं ढकललेलं असे. ऑगस्टमध्ये कपडे वाळेनात तेव्हा तो ढीग कमरेला आला.

फोन लागला की अंकिता साक्षीला विचारायची, "ऊटा आयता?"

म्हणजे जेवलीस का. शाळेतल्या पोरांकडून ती कन्नड शिकत होती.

"जेवले," साक्षी म्हणायची.

"घरी सगळं ठीक?"

"सगळं ठीक," शिवतेज म्हणायचा. पाठीत सरळ.

शनिवारी दुपारी ती दारात येईपर्यंत ढीग जागच्या जागी लागलेला असे. ती पदर खोचून उठली की जयराज म्हणे, "तू बस. आठवडाभर दमलीयस." तिच्या हातातला कपसुद्धा तो काढून घेई. ती बसायची. कॉटच्या कडेवर, पाहुणे बसतात तशी.

सकाळी शाळेची व्हॅन पिठाच्या गिरणीपाशी थांबते. तिथं साऱ्या आया जमायच्या. जयराज रस्त्याच्या पलीकडे, मोटारसायकलला टेकून उभा राहायचा. बायकांत कुठं जायचं, असं त्याला वाटे. त्या आयांचा फोनवर ग्रुप होता, 'छोटा गट मम्मीज'. अंकिता त्यात होतीच. जयराजचा नंबरही पल्लवीनं घातला. पल्लवी म्हणजे ऋषिराजची आई. घरी फॉल-बिडिंग करते, ब्लाउज शिवते, आणि बोलण्यात कुणाला ऐकत नाही. तिनं नाव लिहिलं, 'साक्षी मम्मी दोन'.

"काय ओ, पप्पा लिहायचं की," तो एकदा रस्त्यापलीकडून म्हणाला.

"ग्रुप मम्म्यांचा हाय. नियम म्हणजे नियम. तुम्हाला तर ठाऊक पाहिजे."

बायका हसल्या. बिरदेवही हसला. दुधाच्या किटल्या लावलेल्या गाडीवरून तो आपल्या पोराला सोडायला यायचा. त्याची बायको माधवनगरातच एका दवाखान्यात कामाला जाते, सकाळची पाळी.

"फौजी, बॉर्डरवर हुबं ऱ्हायल्यागत तिकडं काय करताय?" बिरदेव म्हणाला. "या की हिकडं. कोण गोळी घालत न्हाई."

जयराज गेला नाही. ग्रुपवर आलेलं मात्र तो हुकूम मिळाल्यासारखं पाळायचा. उद्या पिवळे कपडे, तर पिवळे. परवा कडधान्य चिकटवायचं, तर मटकी निवडून, आकारानं वेगळी करून पिशवीत. पण विचारलं कधीच काही नाही. डबा परत का येतो, मुलगी रात्री का उठते, वेणी दुपारपर्यंत का टिकत नाही. विचारलं असतं तर अंकिताच्या कानावर गेलं असतं.

नवरात्राच्या आधी साक्षीला ताप आला. डॉक्टरांनी औषध दिलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. त्या रात्री आठ वाजता जयराजनं तिच्या कपाळावरची पट्टी काढली, केस सारखे केले आणि तिला मांडीवर घेतलं.

"बरी आहेस ना ग?" अंकितानं विचारलं.

साक्षीनं वडलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरी आहे."

फोन बंद झाल्यावर त्यानं पट्टी पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अंकिताच्या शाळेच्या गावची यात्रा होती. शाळेला सुट्टी. तिनं कुणाला कळवलं नाही. पोरांसाठी यात्रेतल्या चुरमुऱ्यांची पिशवी आणि शेव घेऊन ती दुपारी दारात उभी राहिली.

दार उघडंच होतं. कॉटवर साक्षी झोपलेली, कपाळावर ओली घडी. मोरीत जयराज चादरी आपटत होता. आणि पडदा बाजूला सारलेला. त्यामागं घराचं सगळं होतं.

अंकितानं चपला काढल्या. साक्षीच्या गळ्याला हात लावला.

साक्षीनं डोळे उघडले. आई दिसली तरी ती लगेच बिलगली नाही. हळूच विचारलं, "आई, आता फोन चालू आहे का?"

"नाही. का?"

"मग सांगू? मला ताप आलाय."

मोरीतला आवाज थांबला. जयराज ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला.

"कधीपासून?" अंकितानं विचारलं. त्याच्याकडे न बघता.

"कालपास्नं. औषध चालू हाय. उतरतोय आता. तुला उगं काळजी नको म्हणून…"

"काल मी हिला विचारलं होतं."

त्यानं ओले हात पँटला पुसले.

ती त्या ढिगापाशी बसली. एक एक कपडा ओढून काढू लागली. संध्याकाळपर्यंत ती घड्या घालत राहिली. तो मदतीला वाकला तेव्हा हातानंच त्याला थांबवलं. शिवतेज शाळेतून आला, आईला बघून हरखला, मग पडद्याकडे बघून गप्प झाला. चोरी सापडल्यासारखा.

"दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं," शेवटची पँट बाजूला ठेवत अंकिता म्हणाली. "उद्या-परवा रजा टाकते. सोमवारी जाऊन राजीनामा देते."

"ताप आता…"

"तापाचं नाही हो. पोरं तापतातच. ती माझ्याशी खोटं बोलायला शिकली. दोघंही. तुम्ही शिकवलंत."

शुक्रवारी व्हॅनपाशी जयराज एकट्या शिवतेजला घेऊन आला. व्हॅन गेली. तो रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला, पण मोटारसायकलला किक मारेना. पल्लवी रस्ता ओलांडून आली.

"साक्षी कुठाय?"

"ताप हाय."

"आणि तुमचा चेहरा? त्यालाबी ताप?"

त्यानं सांगितलं. फौजी रिपोर्ट देतात तसं, थोडक्यात, समोर बघत. व्हिजिट, पडदा, फोन, राजीनामा. पल्लवी ऐकता ऐकता आधी हसायला लागली. मग थांबली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"आमच्या घरी. घाबरू नका, सासूबाई हायत घरात."

बिरदेवही किटल्या वाजवत मागून आला. पल्लवीचं घर पुढच्याच गल्लीत. ती थेट आत घेऊन गेली. शिलाई मशीनखाली कापडांच्या चिंध्या, बेसिनमध्ये कालची भांडी, दिवाणावर कपड्यांचा डोंगर, त्यावर मांजर.

"ही खुर्ची बघा," तिनं कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. ती दिसतच नव्हती. "लग्नात आलीया. हिच्यावर माणूस बसलेला मी अजून बघितला न्हाई. कपडेच बसत्यात."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी बसले हुते एकदा. सुई टोचली."

"बघा."

जयराज त्या ढिगाकडे बघत राहिला. त्याच्या ढिगापेक्षा हा मोठा होता आणि त्याच्यापुढं पडदा नव्हता.

"आमच्यात तर परवा दूध करपलं," बिरदेव म्हणाला. "मी दूधवाला. माझ्याच घरात, माझ्याच म्हशीचं. बायको म्हणाली, गिऱ्हाइकाला सांगू नगा."

"फौजी, एक सांगू?" पल्लवी म्हणाली. "अंकिताताईंचा मला फोन आला हुता. मागच्या आठवड्यात. रडत हुत्या."

"का?"

"रोज आठला घर आरशागत दिसतंय म्हणं. पोरं चकाचक. शनिवारी आल्यावर कपसुद्धा उचलू देत न्हाईत. 'माझ्यावाचून इतकं चांगलं चाललंय, तर माझी जागा कुठाय त्यात?' असं म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, तसं न्हाई. पण मला तरी काय ठाऊक, तुमी पडदा लावलाय ते."

जयराज दिवाणाच्या कडेला टेकला. मांजर सरकलं नाही. राजीनामा टळावा म्हणून त्यानं जे तीन महिने लपवलं होतं, त्यानंच ती दूर चालली होती. हे त्याला त्या घरात, त्या पसाऱ्यात बसून कळलं.

"आता काय करू?" त्यानं विचारलं. मदत मागणारा त्याचा हा पहिलाच प्रश्न होता.

"आज आधी डबा परत का येतोय ते सांगते," पल्लवी म्हणाली. "चपातीचा रोल करा. तुमी चौकोनी घडी घालून देताय, ती पोरं मोडत न्हाईत, तशीच घरी आणत्यात."

शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर पल्लवीनं फोटो टाकला. तिचं बेसिन, भरलेलं. खाली काही लिहिलं नव्हतं. थोड्या वेळानं दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची आली. मग सांडलेलं पीठ. मग कुणाच्या भिंतीवर खडूनं काढलेला हत्ती. बिरदेवच्या बायकोनं करपलेलं पातेलं टाकलं. बिरदेव तिथंच बसून होता बहुतेक, कारण लगेच तिच्याच नंबरवरून व्हॉइस मेसेजमध्ये त्याचा आवाज आला, "त्यो फोटो काढ गं, गिऱ्हाईक हाय ग्रुपात."

जयराज कॉटच्या एका टोकाला बसला होता, अंकिता दुसऱ्या. दोघांचे फोन वाजत होते. मधे साक्षी झोपलेली, ताप उतरलेला.

तो उठला. पडदा सारला. गुरुवारी अंकितानं लावलेल्या घड्यांशेजारी आज नवा ढीग तयार झाला होता. छोटा होता, पण होता. त्यानं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

अंकिताच्या फोनवर उमटलं, 'साक्षी मम्मी दोन' आणि खाली ढीग.

तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग तोंडाला हात लावून हसली. पण म्हणाली, "सोमवारचं सोमवारी बघू."

रविवारी सकाळच्या गाडीनं चंद्राबाई आली. अंकितानंच तिला फोनवर सांगितलं होतं. पोरांना चार दिवस गावी न्यायचं म्हणून ती रिकामी पिशवी घेऊन आली होती. आली, पाणी प्याली, घरभर बघितलं. पडदा उघडा होता. कोणीच तो ओढला नव्हता.

"बोल," जयराज म्हणाला. "तू म्हणालीच हुतीस."

चंद्राबाईनं ढिगातला शिवतेजचा सदरा उचलून मांडीवर घेतला आणि हातानंच सुरकुत्या काढू लागली.

"तुझा बा फौजेत हुता तवा फोन न्हवता," ती म्हणाली. "पत्र जायचं. मला लिवता येत न्हवतं, मास्तरांकडनं लिवून घ्यायची. एकच लिवाय लावायची. 'इकडे सर्व कुशल आहे.' म्हस मेली तवा कुशल. तुला विंचू चावला, रातभर मांडीवर घेऊन बसले, तवा कुशल."

"आई, मला आठवतंय."

"त्येला ठाव न्हवतं. सुट्टीवर आला की म्हणायचा, तुला काय, घरात बसून ऱ्हायचंय. मी कोणत्या तोंडानं बोलू? कुशलच हुतं नव्हं सगळं." तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "गेला बिचारा. मी काय काय काढलं, त्येला शेवटपतूर कळलं न्हाई. मी कळूच दिलं न्हाई."

जयराज आईच्या हातांकडे बघत होता. वडलांना तो आजवर सुखी माणूस समजत आला होता.

चंद्राबाई अंकिताकडे वळली. "तू जा गं नोकरीला. लय वर्सं घालवलीस. ह्यो पोरं सांभाळतोय, मला दिसतंय. ताप उतरवलाच की त्यानं. फकस्त खोटं कुशल पाठवू दिऊ नगंस. ते लय महाग पडतंय."

"आणि गावात काय सांगणार?" अंकितानं विचारलं.

"सांगते, लेक धुणं धुतोय. माझ्यापरास पांढरं धुतोय."

पिशवी तिनं रिकामीच परत नेली. नाही म्हणायला जाताना यात्रेतल्या चुरमुऱ्यांतले थोडे घातले तिच्यात.

त्या रात्री अंकितानं अटी घातल्या. आठची वेळ बंद. फोन कधीही येईल. पोरं खरं सांगतील, रडली तर रडतील. आणि शनिवारी घरातलं निम्मं काम तिचं, कपडे तिचे. जयराजनं सगळ्याला मान डोलावली. कपड्यांपाशी थोडा अडला.

"तुझ्या घड्या कडंला जुळत न्हाईत."

"नाही जुळल्या तरी अंगात जातात."

सोमवारी पहाटे तो तिला स्टँडवर सोडून आला. व्हॅनच्या वेळी गाडी रस्त्याच्या अलीकडे लावली. बायकांनी थोडी जागा केली. बिरदेव म्हणाला, "आला गड्या बॉर्डर सोडून."

दिवाळी आली आणि गेली. राजीनाम्याचा विषय निघाला नाही. अंकितानं सुट्टीत चिवडा केला, जयराजनं कडबोळी तळली, ती सगळी एकाच मापाची झाली. साक्षीची वेणी अजून दुपारपर्यंतच टिकते. डबा कधी रिकामा येतो, कधी येत नाही. परत आलेला डबा ती आता स्वतःच आईला फोनवर उघडून दाखवते.

थंडी पडल्यावरची एक संध्याकाळ. ऋषिराजचा वाढदिवस होता, पोरांना तिकडं जायचं होतं. जयराज कॉटवर ढीग घेऊन बसला होता. निम्मा झाला होता. फोन वाजला. साक्षीनं घेतला आणि आधी पडद्याकडे, मग ढिगाकडे, मग वडलांकडे फिरवला.

"ऊटा आयता?" अंकितानं विचारलं.

"नाही. पप्पांनी भात करपवलाय. आणि मी आज रडले."

"का ग?"

"तुझी आठवण आली म्हणून."

जयराजचा हात थांबला. काहीतरी सांगायला तो पुढं सरकला, मग तसाच बसला. अंकिता मग म्हणाली, "मलाही आली. दुपारी. शाळेतल्या पोरींनी मला बोरं दिली, मग बरं वाटलं. तुझ्यासाठी ठेवलीत."

बाहेर किटल्या वाजल्या. बिरदेव गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून ओरडत होता, "फौजी, चला की. केक तुमच्यासाठी थांबलाय. ऋषिराज रडकुंडीला आलाय."

शिवतेज चपला घालून उभाच होता. साक्षीनं फोन ट्रंकेला टेकवून ठेवला आणि पळाली. जयराजच्या हातात टॉवेल होता. पहिली घडी पडली होती. कडा जुळायच्या होत्या.

"एवढा झाला की येतो," तो दाराकडे बघत म्हणाला.

"अहो," ट्रंकेवरून अंकिता म्हणाली, "जा तुम्ही. शनिवारी मी आहे ना."

त्यानं टॉवेलकडे पाहिलं. मग फोनकडे. टॉवेल होता तसाच कॉटवर ठेवून तो बाहेर पडला.

अंकितानं लगेच फोन बंद केला नाही. तिच्या समोर कॉट होती, उरलेला निम्मा ढीग होता, आणि एकाच घडीचा, तिरक्या कडांचा टॉवेल.